ओढ्यातल्या जीवांचा उतार −०.६ आला: जाळी चुकली की सिद्धान्त? (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

ओढाकाठ

सातारा जिल्ह्यातल्या एका बारमाही डोंगरी ओढ्याची एप्रिलमधली आकडेवारी तपासायची आहे. खळाळातले सर्बर नेटचे (तळावर ठेवायची चौकट आणि तिच्यामागे जाळी) दहा नमुने आहेत (चौकट ३० × ३० सेंमी, जाळी ५०० मायक्रॉन) आणि डोहांतले मासे वेगळे मोजलेत. आडव्या अक्षावर प्रत्येक जातीचं सरासरी वस्तुमान, उभ्या अक्षावर दर चौरस मीटरची संख्या, दोन्ही लॉगमध्ये. रेषेचा उतार −०.६ येतो. पुस्तकं −०.७५ सांगतात.

प्रश्न तीन. हा फरक खरा आहे की मोजणीतला? चयापचय मोजलेला नाही, तो सूत्रातून काढला तर चालेल का? आणि कोण कोणाला खातं हे ठरवायला आकारमान पुरेसं आहे का, की पोटं फाडावीच लागतील?

पाणनिवळी

आधी −०.७५ येतो कुठून ते बघा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. माक्स क्लायबरने १९३२ साली सस्तन प्राणी आणि पक्ष्यांचे आकडे मांडून दाखवलं की विश्रांतीतला चयापचय वस्तुमानाच्या साधारण ३/४ घातानुसार वाढतो. वजन १६ पट, तर खर्च ८ पट. वजन १०,००० पट, तर खर्च १,००० पट. ग्रॅममागे पाहिलं तर मोठा जीव काटकसरी आणि छोटा उधळा. प्रत्येक जातीच्या वाट्याला सारखीच ऊर्जा येते असं धरलं, तर संख्या −३/४ घातानुसार घटते. तोच तुमच्या पुस्तकातला आकडा.

पण ही अट एकाच पंगतीत बसलेल्यांना लागू आहे. दगडावरचं शेवाळ खरवडणारी मेफ्लायची अळी आणि तिला खाणारा मासा एका पंगतीत नाहीत. माशाच्या ताटात पोचेपर्यंत बरीच ऊर्जा वाटेत जळून गेलेली असते. सगळ्या पंगती एकाच रेषेवर मांडल्या तर अपेक्षित उतार असा निघतो:

उतार = −०.७५ + लॉग(ऊर्जा हस्तांतराचं प्रमाण) ÷ लॉग(भक्षक आणि भक्ष्य यांच्या वस्तुमानाचं गुणोत्तर)

हस्तांतर १०% आणि गुणोत्तर १०,००० धरा: −०.७५ − ०.२५ = −१. गुणोत्तर १०० च असेल तर −१.२५. तुम्ही कीटक आणि मासे एकत्र मांडलेत, म्हणजे रेषा −०.७५ पेक्षा तीव्र यायला हवी होती. ती उलट चपटी आली. तेव्हा फरक ०.१५ चा नाही, त्याहून बराच मोठा आहे.

चाळणी

जाळीपासून सुरू करा. ५०० मायक्रॉनच्या जाळीतून कायरोनोमिड नावाच्या डासासारख्या कीटकांच्या लहान अळ्या आणि मेफ्लायच्या पहिल्या काही अवस्था सरळ निसटतात. डावीकडची टोकाची संख्या कमी भरली की रेषा चपटी होणारच. पुढच्या वेळी २५० मायक्रॉन वापरा. ती लवकर तुंबते आणि तुंबली की पाणी चौकटीच्या कडेनं उलटं वाहून जीव बाहेर जातात, म्हणून एका चौकटीत ठरलेली दोन-तीन मिनिटंच दगड घासायचे आणि नेट लगेच ट्रेमध्ये धुवायचं.

हातात आहेत त्या नमुन्यांसाठी उपाय: प्रत्येक जीवाच्या वस्तुमानाचा लॉग काढून स्तंभालेख करा. संख्या डावीकडून चढत जाऊन एका ठिकाणी शिखर गाठेल. शिखराच्या डावीकडचं सगळं टाकून द्या. ती घट ओढ्यातली नाही, जाळीतली आहे.

आणखी एक शंका. माशांचं वजन ओलं आणि कीटकांचं सुकं, असं तर नाही ना झालेलं? सुकं वजन ओल्याच्या साधारण पाव-पंचमांश असतं. मासे ओल्या वजनात राहिले तर ते आडव्या अक्षावर सुमारे ०.६ लॉग एकक उजवीकडे सरकतात, आणि रेषा पुन्हा चपटी. ही चूक छापील तक्त्यांतसुद्धा दिसते, लाजण्यासारखं काही नाही.

ओढाकाठ

हो, मासे ओल्या वजनात आहेत. कीटकांचं वस्तुमान लांबीवरून, बेंके आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या समीकरणांतून काढलंय. लांबी प्रत्येक जातीच्या २० जीवांची मोजून सरासरी घेतली आणि ती समीकरणात घातली.

चाळणी

इथे दोन खड्डे आहेत.

पहिला, ती समीकरणं उत्तर अमेरिकेतल्या, त्यातही मुख्यतः आग्नेय अमेरिकेतल्या जीवांची आहेत. कुळाच्या पातळीवर कामचलाऊ ठरतात, पण निदान चार-पाच प्रमुख जातींसाठी स्वतःचं समीकरण बांधा. प्रत्येक जातीचे ३०-४० ताजे जीव, सर्वांत छोट्यापासून सर्वांत मोठ्यापर्यंत. मायक्रोस्कोपच्या मोजपट्टीनं शरीराची लांबी आणि डोक्याची रुंदी घ्या. लांबी आकसते, डोकं आकसत नाही. मग ६० अंशांवर ४८ तास ओव्हनमध्ये, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून सूक्ष्मतराजूवर. एकटा जीव तराजूच्या मर्यादेखाली असेल तर एकाच मापाचे दहा एकत्र तोला. कॅडिस या कीटकाची अळी वाळूच्या कणांचं घर बांधून राहते, ती घरातून बाहेर काढूनच तोलायची, नाहीतर तुम्ही वाळू तोलताय. गोगलगायीसाठी राखविरहित वजन घ्या: ५०० अंशांवर ४ तास भट्टी, आधीच्या आणि नंतरच्या वजनातला फरक. अल्कोहोलमध्ये ठेवलेले नमुने यासाठी नकोत, त्यातून स्निग्धांश झिरपून वजन घटतं.

दुसरा खड्डा सरासरीचा. समीकरणातला घातांक बहुतेक २.७ ते २.९ च्या आसपास असतो. २.८ धरा आणि दोन अळ्या घ्या, एक २ मिमी, एक १० मिमी. सरासरी लांबी ६ मिमी, तिचा २.८ वा घात सुमारे १५१. प्रत्येकीचा घात आधी काढून सरासरी घेतली तर सुमारे ३१९. निम्म्याहून अधिक वस्तुमान नुसत्या क्रमाच्या चुकीनं गायब! आधी प्रत्येक जीवाचं वस्तुमान, मग सरासरी. आणि २० जीव म्हणजे हाताला लागलेले पहिले २० असतील तर ते मोठेच असणार. विभाजक ट्रे वापरून उपनमुना काढा.

पाणनिवळी

चयापचयाला हेच उलट दिशेनं लागू होतं. १ मिग्रॅ आणि ८१ मिग्रॅचे दोन जीव: ३/४ घात १ आणि २७, बेरीज २८. सरासरी ४१ मिग्रॅ धरून दुप्पट केलं तर ३२.४. खर्च १६% जास्त दिसतो. वस्तुमान कमी आणि खर्च जास्त, दोन्ही चुका एकाच तक्त्यात सुखानं नांदतात.

दोन_तृतीयांश

एवढ्या निवांतपणे ३/४ वापरताय म्हणून मध्ये पडतो. रूब्नरने १८८३ मध्ये कुत्र्यांवरून पृष्ठफळाचा, म्हणजे २/३ चा नियम मांडला होता. १९९७ साली वेस्ट, ब्राउन आणि एन्क्विस्ट यांनी रक्तवाहिन्यांसारख्या फांद्या फुटत जाणाऱ्या जाळ्यांवरून ३/४ सिद्ध केल्याचा दावा केला, आणि तेव्हापासून भांडण चालूच आहे. डीलाँग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की जिवाणूंत घातांक १ पेक्षाही जास्त, आदिजीवांत १ च्या आसपास आणि बहुपेशीय प्राण्यांत ३/४ च्या जवळ येतो. तुमच्या अन्नजाळ्यात शेवाळापासून माशापर्यंत सगळं असेल तर एकच घातांक कसा चालेल?

पाणनिवळी

मान्य. म्हणून शेवाळ आणि जिवाणू या रेषेत घालायचेच नाहीत, फक्त बहुपेशीय प्राणी. शिवाय ०.६७, ०.७५ आणि ०.८ अशा तिन्ही घातांकांनी गणित करून निष्कर्ष बदलतो का ते तपासा. इथे मूळ शंका उताराची आहे. ओलं-सुकं आणि जाळी या चुका घातांकाच्या वादापेक्षा मोठ्या आहेत.

तापमान मात्र सोडू नका. गिलूली आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये जे समीकरण मांडलं त्यात सक्रियण ऊर्जा (तापमानाबरोबर दर किती झपाट्यानं वाढतो ते ठरवणारा आकडा) साधारण ०.६५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरतात. त्यानुसार १५ वरून २५ अंशांवर गेलं की चयापचय सुमारे २.४ पट. प्रकाशसंश्लेषणासाठी तीच ऊर्जा सुमारे ०.३२, म्हणजे पाणी तापलं की खाणाऱ्यांची भूक पिकवणाऱ्यांच्या उत्पन्नापेक्षा वेगानं वाढते. दिवसभराचं सरासरी तापमान वापरू नका. निम्मा वेळ १५ आणि निम्मा वेळ २५ अंश असेल तर खरा खर्च २० अंशांच्या खर्चापेक्षा सुमारे ९% जास्त. तळाशी दगडाला बांधलेला लॉगर (तापमान आपोआप नोंदवणारं उपकरण), दर १५ मिनिटांनी नोंद, आणि प्रत्येक नोंदीचा दर काढून मग सरासरी.

चतुर_अळी

आता दुव्यांबद्दल, म्हणजे कोण कोणाला खातं त्याबद्दल. इंग्लंडमध्ये ससेक्सच्या अ‍ॅशडाउन फॉरेस्टमधला ब्रॉडस्टोन ओढा यासाठी वाचण्यासारखा आहे. पाणी आम्लधर्मी, त्यामुळे अभ्यासाच्या बहुतेक काळात मासेच नव्हते. वरचे भक्षक म्हणजे कॅडिस प्लेक्ट्रोक्नेमिया आणि आल्डरफ्लाय सायालिस यांच्या अळ्या. १९९० च्या दशकाच्या मध्यास कॉर्ड्युलेगास्टर बोल्टोनी हा मोठा चतुर तिथे आला. वुडवर्ड आणि हिल्ड्र्यू यांनी हजारो पोटं तपासली. निघालं असं की कोण कोणाला खातं हे जातीपेक्षा त्या दिवशीच्या मापावर ठरतं. चतुराची अळी अंड्यातून निघते तेव्हा सायालिसच्या तोंडी जाते, आणि काही महिन्यांनी तीच सायालिसला खाते. स्वजातीभक्षणही भरपूर. जातीच्या सरासरी वस्तुमानांचा तक्ता केला की हे दुहेरी बाण पुसले जातात आणि एकच सरळ बाण उरतो.

तेव्हा आकारमानावरून दुवा गृहीत धरता येतो, पण जीवागणिक मापावरून, जातीच्या सरासरीवरून नाही. आणि निदान प्रमुख भक्षकांची पोटं पाहावी लागतीलच. त्यात हे बिघडतं:

नमुना ट्रेमध्ये जिवंत ठेवून सावकाश निवडला तर भक्षक तिथेच जेवण उरकतात. जो दुवा ओढ्यात नव्हता तो बरणीत तयार होतो. ओढ्याकाठीच लगेच अल्कोहोल घाला, आणि भक्षक वेगळ्या कुप्यांत ठेवा, कारण ते ओकतात.

पाणढेकूण आणि पाणभुंग्यांच्या अळ्या भक्ष्य शोषून घेतात, त्यांच्या पोटात डोकं-पाय काही सापडत नाही. रिकामं पोट म्हणजे उपाशी जीव असं लिहू नका. तिथे डीएनए तपासणी हवी.

चावून खाणाऱ्यांच्या पोटात कायरोनोमिडचं डोकं शाबूत राहतं. त्याच्या रुंदीवरून भक्ष्याची लांबी आणि लांबीवरून वस्तुमान परत काढता येतं. म्हणूनच वर डोक्याची रुंदी मोजा म्हटलंय.

किती पोटं? नव्या दुव्यांची वाढती बेरीज पोटांच्या संख्येसमोर मांडा. रेषा सपाट होईपर्यंत थांबू नका. दहा-पंधरा पोटांवर ती कधीच सपाट होत नाही.

खडशी

माशांसाठी समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणाची) जोड द्या. एका पंगतीतून वरच्या पंगतीत गेलं की नायट्रोजन-१५ चं डेल्टा मूल्य (जड नायट्रोजनचं प्रमाण मानकापेक्षा किती वेगळं ते) सरासरी ३.४ सहस्रांशांनी वाढतं. पाया म्हणून गोगलगाय घ्या, पाणवनस्पती नको. वनस्पतीचं मूल्य आठवड्यागणिक उड्या मारतं. उदाहरणार्थ मासा १२.१, गोगलगाय ५.३, फरक ६.८, भागिले ३.४ म्हणजे २; गोगलगाय दुसऱ्या पातळीवर, म्हणून मासा चौथ्या. ओढ्याच्या वरच्या अंगाला गावाचं सांडपाणी किंवा शेणखत येत असेल तर पायाच उचलला जातो, तेव्हा गोगलगाय त्याच टप्प्यातली हवी. माशाचा पाठीचा स्नायू घ्या, ६० अंशांवर सुकवा, पूड करा. अल्कोहोलमधला नमुना कार्बनसाठी टाळा.

आता उताराबद्दल माझी खरी शंका. एप्रिलमध्ये ओढा आटतो, मासे डोहांत गोळा होतात. डोहातली संख्या डोहाच्या क्षेत्रफळानं भागली आणि कीटक खळाळाच्या क्षेत्रफळानं, मग दोन्ही एका आलेखावर ठेवले, असंच झालंय ना? १०० मीटरच्या टप्प्यात खळाळ १२० चौ.मी. आणि डोह ६० चौ.मी. असेल, डोहात दर चौ.मी. २ मासे असतील, तर सबंध टप्प्यावर ते ०.६७ च भरतात. तिप्पट फुगवटा, तोही उजव्या टोकाला.

मासे मोजायला टप्प्याच्या वर-खाली आडवी जाळी लावून बंदिस्त करा आणि सारख्या श्रमानं दोनदा जाळं ओढून मासे पकडा. पहिल्या खेपेला ४०, दुसऱ्या खेपेला १६ मिळाले तर अंदाज = ४०² ÷ (४० − १६) = ६७. दुसऱ्या खेपेला पहिल्याइतकेच मिळाले तर सूत्र मोडतं. याचा अर्थ जाळी कुठेतरी उघडी आहे किंवा मासे कपारीत दडलेत. नुसत्या पागावर (फेकायच्या जाळ्यावर) विसंबू नका, दगडाखालचे मासे तो सोडून देतो.

दोन_तृतीयांश

ओढ्याबाहेरून पडणारं खाणं विसरलात. झाडांवरून पडणाऱ्या मुंग्या, भुंगे, टोळ खाऊन मासे जगत असतील तर त्यांचा बोजा ओढ्यातल्या कीटकांवर पडत नाही. मग उजवं टोक हिशेबापेक्षा वर राहतं आणि चपटा उतार खराही असू शकतो.

खडशी

बरोबर, आणि ते पोटात दिसतं. किनारी कीटकांचे पंख आणि कडक पाय वेगळे मोजा, आणि त्यांचं वस्तुमान पोटातल्या एकूण वस्तुमानाच्या किती हिस्सा आहे ते लिहा. संख्येचा हिस्सा फसवतो: एक टोळ शंभर कायरोनोमिडांना भारी पडतो.

निळंशेवाळ

रेषा एकदाची आखली की जातींची उलथापालथ त्यात दिसत नाही, हेही ध्यानात असू द्या. अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्युसडे लेकमध्ये १९८५ साली प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खाणारे छोटे मासे बहुतेक काढून टाकले आणि मोठ्या तोंडाचा बास हा शिकारी मासा सोडला. कार्पेंटर, कोहेन आणि जॉन्सन यांच्याकडे १९८४ आणि १९८६ अशा दोन्ही वर्षांचं अन्नजाळं, संख्या आणि वस्तुमान आहे. प्लवकापासून माशापर्यंत वस्तुमानाचा पल्ला सुमारे १२ शून्यांचा. दोन वर्षांत जवळपास निम्म्या जाती बदलल्या, छोट्या प्राणिप्लवकाची जागा मोठ्या डॅफ्नियाने (पाणपिसवेने) घेतली, पण आकारमान आणि संख्येचा एकंदर पट ओळखीचाच राहिला.

डॅफ्नियाची गोष्ट मुळात ब्रुक्स आणि डॉडसन यांची, १९६५ ची, कनेक्टिकटमधल्या तळ्यांची: मासा मोठा प्लवक टिपून खातो, मग छोटे वाढतात; मासा गेला की मोठे परततात. आपल्याकडच्या तलावांत चिलापी सोडताना हे कोणी विचारात घेतं असं दिसत नाही, पण तो वेगळा धागा होईल.

चतुर_अळी

तापमानाच्या बाजूनं दोन प्रयोग शेजारी ठेवून वाचा, कारण ते एकमेकांशी पटत नाहीत. आइसलँडच्या हेंगिल भागात, रेक्याविकपासून सुमारे ३० किमीवर, भूगर्भातल्या उष्णतेनं तापलेले ओढे आहेत: एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, पाण्याचं रसायन मिळतंजुळतं, तापमान मात्र साधारण ५ ते २५ अंश. सिद्धान्त म्हणतो, गरम पाण्यात मोठ्या भक्षकाचा खर्च परवडू नये. प्रत्यक्षात ट्राउट मासा तुलनेनं उष्ण ओढ्यांत टिकून आहे, कारण तिथे ऊर्जा वरच्या पंगतीपर्यंत जास्त पोचते.

याउलट इंग्लंडच्या डॉर्सेटमध्ये ईस्ट स्टोकला २० कृत्रिम तळी आहेत, प्रत्येकी साधारण एक घनमीटरची. त्यातली दहा सुमारे ४ अंशांनी तापवलेली. तिथे सात वर्षांनंतर नायट्रोजन-१५ चा माग काढला, तर वनस्पतिप्लवकाकडून प्राणिप्लवकाकडे जाणारी ऊर्जा ५६% पर्यंत घटलेली दिसली. हा निकाल २०२१ चा.

पाणनिवळी

दोन्ही खरे असू शकतात. वाहत्या ओढ्यात पोषकद्रव्यं वरून येत राहतात, बंद टाकीत ती आहेत तेवढीच फिरतात. वरच्या सूत्रातलं १०% हे म्हणूनच स्थिर मानू नका. ५%, १०%, २०% अशा तिन्हींनी उतार काढून पट्टा दाखवा.

बाटलीबंद

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणी नीट दिलं नाही. सूत्रातून चयापचय काढा, पण दोन-तीन जातींवर मोजून पडताळा. कृती:

जीव २४ तास उपाशी ठेवा, नाहीतर पचनाचा खर्च मिसळतो. २० मिलिची काचेची कुपी, आत ऑक्सिजनचा प्रकाशीय सेन्सर ठिपका, तळाला जाळीचा तुकडा म्हणजे अळीला पकडायला काहीतरी मिळतं. आधार नसला की ती पोहत राहते आणि तुम्ही विश्रांतीऐवजी व्यायाम मोजता. पाणी गाळलेलं आणि ऑक्सिजननं संपृक्त. कुपी पाण्याखालीच बंद करा, बुडबुडा राहिला तर वाचन फुकट. पाण्याची टाकी ठरल्या तापमानाच्या ०.१ अंशात. दर चार कुप्यांमागे एक रिकामी, जिवाणूंचा खर्च वजा करायला. ऑक्सिजन संपृक्ततेच्या ८०% खाली जाऊ देऊ नका.

वेळेचा हिशेब आधी करा. २५ अंशांवर समुद्रसपाटीला संपृक्त पाण्यात ८.२६ मिग्रॅ/लि ऑक्सिजन असतो. पुण्याच्या उंचीवर (सुमारे ५६० मी.) तो ७.७ च्या आसपास. २० मिलित साधारण १५५ मायक्रोग्रॅम. त्यातले २०% म्हणजे ३१. अळी तासाला ५ मायक्रोग्रॅम वापरत असेल तर सहा तास लागतील. तासाला अर्धाच वापरत असेल तर कुपी लहान घ्या, नाहीतर सेन्सरचं वाचन आपोआप थोडं सरकतं त्यातच सगळं बुडेल. सेन्सर स्थानिक हवेच्या दाबावर जुळवा. महाबळेश्वरच्या उंचीवर १५% फरक नुसत्या दाबाचा असतो आणि तो सरळ चयापचय म्हणून छापला जातो.

आणि हे लक्षात ठेवा: १० वरून ३० अंशांवर गेलं की पाण्यातला ऑक्सिजन ११.२९ वरून ७.५६ वर येतो, तर वरच्या सूत्रानं गरज ५.८ पट होते. त्यामुळे तापलेल्या, संथ डोहात मोजलेला दर सूत्रापेक्षा कमी आला तर सूत्राला लगेच दोष देऊ नका. आधी त्या पाण्यात ऑक्सिजन किती होता ते पाहा.

ओढाकाठ

तीन दुरुस्त्या केल्या: मासे सुक्या वजनात, संख्या सबंध टप्प्याच्या क्षेत्रफळावर, आणि शिखराच्या डावीकडचं टाकलं. जातींची सरासरी सोडून जीवागणिक वस्तुमान घेतलं. लॉग गटांतल्या संख्यांवर रेषा आता −०.९ च्या जवळ आहे. गटांची रुंदी बदलली की मात्र आकडा हलतो.

पाणनिवळी

हलणारच. गट करून रेषा बसवणं सोडा आणि मॅक्झिमम लाइकलिहुडनं (हाती आलेले आकडे सर्वांत संभाव्य ठरवणारा घातांक शोधण्याची पद्धत) मर्यादित घातवितरण बसवा. आर या संख्याशास्त्राच्या संगणक भाषेत साइझस्पेक्ट्रा नावाचं पॅकेज त्यासाठीच आहे. किमान मर्यादा म्हणून तुमचं शिखर द्या, कमाल म्हणून सर्वांत मोठा मासा. येणारा घातांक संभाव्यता-घनतेचा असतो, तो −२ आला तर लॉग गटांतल्या नुसत्या संख्येचा उतार −१, आणि −१.७५ आला तर −०.७५. या एका फरकावरून दोन शोधनिबंधांचे आकडे शेजारी ठेवून वाद घातले जातात, म्हणून तक्त्यावर कोणता उतार ते स्पष्ट लिहा.

सर्बरचे नमुने आणि मासे वेगवेगळ्या क्षेत्रफळांवर आहेत, त्यामुळे प्रत्येक जीवाला भार द्यावा लागेल. दहा चौकटी म्हणजे ०.९ चौ.मी. खळाळाचं क्षेत्र १२० असेल तर प्रत्येक कीटक सुमारे १३३ जीवांचा प्रतिनिधी. डोहाचा तळ मात्र तुम्ही मोजलेलाच नाही. गाळात रुतवायच्या नळीनं पाच-सहा नमुने घ्या, कायरोनोमिड आणि गांडुळांचा मोठा वाटा तिथे आहे, आणि तो डाव्या टोकाचाच आहे.

चाळणी

नळीचा गाळ २५० मायक्रॉनवर चाळा. आणि बरणीतली चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, बरणीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि बाहेरचं लेबल ओल्या हातानं गळून पडतं.